गार्सिया द ओर्ताचे 'संवाद' आणि त्यातील आपली माणसे

भारतीयांनी विज्ञानात काय भर घातली असा विषय निघाला, की आपले वक्ते सुश्रुत आणि आर्यभट यांच्यापासून निघतात आणि एका उडीत जगदीशचंद्र बोस व रामन यांच्यापाशी पोहोचतात. मधल्या शतकांत इथल्या वैद्यांना, मळेवाल्यांना, घरातल्या स्त्रियांना जे ठाऊक होते, त्याची नोंद कोठे सापडते? आम्हांस ती एका पोर्तुगीज पुस्तकात सापडली, आणि तीही अर्धीमुर्धी. त्या अर्धेपणाविषयीच येथे लिहावयाचे आहे.

गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यास आला आणि अखेरपर्यंत येथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते, आणि तेथील आपल्या आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा बहर येतो हे तो मोठ्या कौतुकाने सांगतो. भारतातील औषधी द्रव्यांवरील त्याचे 'संवाद' १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झाले. छपाईच्या चुका त्यात विपुल आहेत. पण पुस्तकाची मांडणी मात्र विलक्षण आहे.

रुआनो हा स्पेनकडून नुकताच आलेला कल्पित वैद्य. त्याच्या डोक्यात गॅलन आणि डायॉस्कोरिडीझ यांचे ग्रंथ. तो ग्रंथातले विचारतो, ओर्ता डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, अशी कबुलीही तो देऊन टाकतो. आणि बोलणे ऐन रंगात आले असताना अंतोनिया नावाची घरची दासी पाला नाही तर फळ आणून समोर ठेवते. एका संवादात मालुपा नावाचा हिंदू वैद्य स्वतः येऊन बोलतो. भिरंडाचे प्रकरण वाचताना तर आपण कोकणातल्या एखाद्या पडवीत बसलो आहोत असे वाटते : आतून रक्तासारखे लाल, चवीला आंबट, रंगाऱ्यांच्या उपयोगाचे. (भिरंडाच्या कुळाचे शास्त्रीय नाव 'गार्सिनिया', म्हणून ते ओर्तावरून पडले असे पुष्कळांना वाटते. ते लॉराँ गार्सँ या दुसऱ्याच गृहस्थावरून आहे.) पटकीला इथले लोक 'मोडशी' म्हणतात आणि आम्ही त्या शब्दाची मोडतोड करतो, हेही तो नोंदवतो. पटकीची लक्षणे त्याने इतकी नेमकी टिपली आहेत, की वैद्यकाच्या इतिहासात त्या वर्णनाला मोठे मोल आहे.

तरीही या पुस्तकाकडे केवळ कृतज्ञतेने पाहता येत नाही. आपले उपचार चालेनासे झाले की ब्राह्मण वैद्यांचे उपाय योजतो, असे ओर्ता लिहितो. पण मालुपासारखा अपवाद सोडला, तर ते वैद्य नुसते 'इथले वैद्य' म्हणून येतात. त्यांना शरीररचना कळत नाही, असा शेराही तो मारतो. अंतोनिया वस्तू आणते. त्या वस्तूविषयी तिला काय वाटते, हे विचारण्याची गरज ना रुआनोला भासते, ना ओर्ताला. आम्हांस हे खटकते.

पण निदान ती तेथे आहे. १५६७ साली क्लुसियसने अँटवर्प येथे या ग्रंथाचा लॅटिन सारांश काढला. विद्वानांना सोयीचे व्हावे म्हणून त्याने संवाद काढून टाकले आणि नुसती माहिती ठेवली. संवाद गेला त्याबरोबर मालुपा गेला, अंतोनियाही गेली. युरोपने ओर्ता वाचला तो बहुतांशी या सारांशातून. इथली माणसे पुस्तकातून गळाली ती कोणाच्या द्वेषाने नव्हे, चांगल्या संपादनाने! आमच्या मते साहित्यप्रकार हा केवळ पोशाख नसतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

ओर्ताच्या वाट्याला जे आले ते मात्र द्वेषाचेच होते, आणि कॅथलिक वाचकांनी ते टाळून पुढे जाऊ नये. तो सक्तीने ख्रिस्ती केलेल्या यहुदी घराण्यातला. त्याच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर इन्क्विझिशनच्या अधिकाऱ्याचे अनुमतीदाखल नाव आहे. १५६८ साली तो वारला. १५६९ साली त्याच इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली. औषधांचा तो ग्रंथ आपल्या पूर्वजांच्या धर्मसभेच्या छायेत छापला गेला, आणि ग्रंथकाराची राखही त्याच छायेत झाली.

शतकानंतर कोचीत वेगळे घडले. डच अधिकारी व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या आरंभीच्या कामात फादर मॅथ्यू या कार्मेलाईट संन्याशाचा मोठा हात होता. १६७८ साली पहिला खंड अॅमस्टरडॅमला निघाला. त्यात मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन याची साक्ष आहे. शेजारी रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तिघांची साक्षही आहे : कोकणी भाषेत, नागरी लिपीत, त्यांच्या नावांसह.