रिकाम्या वाडग्याकडे बघणारी नजर

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी टोकियोत होतो, तेव्हा एका संध्याकाळी रामेनच्या एका छोट्या दुकानाबाहेर पाऊण तास रांगेत उभा राहिलो. आत काउंटरला जेमतेम आठ खुर्च्या. दाराशी एक यंत्र: पैसे टाका, बटण दाबा, तिकीट काउंटरवर ठेवा. बोलायची वेळच येत नाही. माणसं सुर्र सुर्र आवाज करत खात होती आणि दहा-बारा मिनिटांत उठत होती. बाहेरची रांग पाठीला जाणवत असते.

मी नूडल्स संपवल्या, पण डुकराच्या हाडांचा तो दाट रस्सा अर्धाच झेपला. रस्सा उरवणं तिथे गैर नाही. मिठाच्या भीतीने बरेच जण उरवतात. तरी वाडगा समोरच्या फळीवर ठेवला तेव्हा आचाऱ्याची नजर क्षणभर आत गेली, मग त्याने मान झुकवून आभार मानले. ती नजर माझ्या ओळखीची होती. जूझो इतामीच्या 'ताम्पोपो'मध्ये (१९८५) ती पाहिली होती.

'रामेन वेस्टर्न' म्हणून गाजलेल्या या सिनेमाची गोष्ट सोपी आहे. गोरो हा ट्रकवाला एका विधवेच्या मरगळलेल्या दुकानात येतो आणि ताम्पोपोला (नोबुको मियामोतो) उत्तम रामेन करायला शिकवतो. कॉलेजात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्यातलं प्रशिक्षणच आवडलं होतं. पाण्याने भरलेली जड भांडी उचलायची, घड्याळ लावून वाडगे भरायचे, दुसऱ्यांच्या दुकानांत जाऊन त्यांचा रस्सा कसा होतो ते हुडकायचं. हाताची चव वगैरे काही नसतं, पाहा, मोजा, पुन्हा करा, हे इंजिनिअरला पटणारच.

टोकियोहून परतल्यावर पुन्हा पाहिला, आणि या वेळी वेगळाच प्रसंग डोक्यात बसला. मुख्य कथेशी त्याचा संबंध नाही. एक बाई मरणपंथाला लागली आहे. नवरा धावत घरी येतो आणि तिला जागं ठेवण्यासाठी ओरडतो: स्वयंपाक कर! ती खरोखर उठते, भात परतते, सगळ्यांना वाढते, खाणाऱ्यांकडे बघून किंचित हसते आणि कोसळते. नवरा रडत रडत मुलांना सांगतो, आईने केलेलं शेवटचं जेवण आहे, गरम आहे तोवर खा.

आपण हसतो, आणि हसल्याची लाज वाटते. कारण ते हसू ताम्पोपोचंही आहे. शेवटी तिच्या काउंटरवर पाच पुरुष वाडगे तोंडाला लावून रस्सा संपवतात आणि ती डोळ्यांत पाणी आणून बघत राहते. एकीला त्यातून स्वतःचं दुकान मिळतं, दुसरीचा जीव जातो. पण खाणाऱ्याकडे टक लावून उभं राहणं दोघींचं सारखंच. 'ताम्पोपो'ला खाण्याचा उत्सव म्हणणाऱ्यांच्या हातून ही जोडी निसटते असं मला वाटतं.

सिनेमात खोट नाही असं नाही. पांढऱ्या सुटातल्या गँगस्टरचे प्रसंग आज दिखाऊ वाटतात. आणि ताम्पोपोला शिकवणारे, पास-नापास ठरवणारे सगळे पुरुषच आहेत, याचं इतामीला फारसं काही वाटत नाही.

पण त्या स्वयंपाकघराच्या प्रसंगाने मला पकडलं. आमच्याकडे आई ओट्याशी उभी राहून पहिल्या घासाकडे बघते. "मीठ बरोबर आहे ना?" मी फोनवरून मान न उचलता "हं" म्हणतो. टोकियोत एका अनोळखी आचाऱ्यासमोर अर्धा वाडगा ठेवताना मी ओशाळलो होतो. घरी इतक्या वर्षांत एकदाही नाही.

सिनेमा संपतो तो श्रेयनामावलीवर, बागेत आईच्या अंगावर पिणाऱ्या बाळाच्या दृश्यावर. बाळ खूप वेळ पीत राहतं. त्याला कोणी काही विचारत नाही.