पंजीच्या जोडीची बदलती किंमत

डॅन हॅरिंग्टनचं टोपणनाव 'अ‍ॅक्शन डॅन', पण खेळ नावाच्या अगदी उलटा. हातात आलेले पत्ते बहुतेक वेळा टाकूनच देणारा. १९९५ साली त्यानं लास वेगासमधली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली. २००४ साली तर २,५७६ खेळाडूंतून तो अंतिम टेबलावर पोचला. बिल रोबर्टीसोबत लिहिलेल्या 'हॅरिंग्टन ऑन होल्डेम'च्या दुसऱ्या खंडात (२००५) या चिकट माणसाच्या धाडसाचा हिशेब सापडतो.

हिशेबाचं मूळ बॅकगॅमनपटू पॉल मॅग्रीएलचं. दोन्ही ब्लाइंड (दोघांनी पाळीपाळीनं आधीच लावायच्या सक्तीच्या रकमा) आणि सगळ्यांच्या अँटी (दर डावाला प्रत्येकानं भरायची रक्कम) यांची बेरीज करायची, तिनं आपल्या चिप्सना भागायचं. येतो तो 'एम'. एकही डाव न खेळता किती फेऱ्या तगू, ते तो सांगतो. वीसच्या वर हिरवा प्रदेश, दहापर्यंत पिवळा, सहापर्यंत नारिंगी, खाली लाल.

खरी नजाकत पिवळ्यात आहे. चिप्स आटल्या की हात सैल सोडावा, हे कोणीही सांगेल. हॅरिंग्टनही सांगतो, पण त्याच दमात लहान जोड्या आणि एकाच रंगाची सत्ती-अठ्ठी यांचा भाव उतरवतो. हातात पंजीची जोडी असेल, तर टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत तिसरी पंजी आठ-नऊ वेळांतून एकदा येणार. त्या एका वेळी घसघशीत वसुली हवी, आणि वसूल करण्याजोग्या चिप्सच उरलेल्या नसतात! लाल प्रदेशात मात्र, आधी कोणी उडी घेतली नसेल, तर तीच जोडी सगळ्या चिप्ससकट पुढे सरकवायची. समोरच्यांनी पत्ते टाकले तर तिथेच जिंकलो; कोणी अडलाच, तर पाच पानं अजून यायची आहेत. अडणाऱ्याला मात्र जिंकायची ही दुसरी वाट तेवढी उरते. एकाच जोडीला असं आधी पाडून मग उचलणं मला फार देखणं वाटतं.

बक्षिसांच्या पायऱ्यांचं गणित आजचे खेळाडू याहून बारकाईनं मांडतात. तिथे हा खंड तोकडा आहे.

पण टेबल रिकामं होतानाचं त्याचं भान पाहा. चिप्स १८,०००, ब्लाइंड ६०० आणि १,२००, अँटी १००. दहा जण असताना एम ६.४. पाचच उरले की अँटी घटतात आणि एम ७.८ वर चढतो. वाटतं, बरं झालं. हॅरिंग्टन त्याला पाच-दशांशानं गुणायला लावतो, कारण ब्लाइंड आता दुप्पट वेगानं अंगावर येतात. उत्तर ३.९. एकही चिप न गमावता आपण लाल प्रदेशात.