नावापुढचा एक शब्द

ग्रंथालयाच्या तालिकेतील नोंद वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाही. साहजिकच तिची समीक्षाही कोणी करीत नाही. आमच्या मते ती व्हावयास हवी. पुस्तकाविषयीचे पहिले विधान समीक्षक करीत नसतो, तालिकाकार करीत असतो. ते विधान अपुरे राहिले, तर वाचक पुढची चूक पूर्ण विश्वासाने करतो.

‘ख्रिस्तपुराणा’चेच उदाहरण घेऊ. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे हे सुमारे 11 हजार ओव्यांचे काव्य 1616 साली रायतूर ऊर्फ राशोल येथे रोमन लिपीत प्रथम छापले गेले. त्या आवृत्तीची, तशीच 1649 आणि 1654 च्या आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. म्हणजे आपल्या हाती येणारे पुराण हे नेहमीच दुसऱ्या कोणाच्या हातून आलेले असते. जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूरहून हस्तलिखितांच्या आधारे त्याची रोमन लिपीतील आवृत्ती संपादिली. शांताराम बंडेलू यांनी 1956 साली पुण्याहून ते देवनागरीत आणले. फादर नेल्सन फाल्काव यांनी 2009 साली आधुनिक मराठी गद्यानुवादासह ते बंगळूरहून प्रसिद्ध केले.

आता अशी तालिका डोळ्यांपुढे आणा, जिच्यात या आवृत्त्यांपुढे स्टीफन्स, सालढाणा, बंडेलू, फाल्काव एवढी आडनावेच ओळीने दिलेली आहेत. कोणी काय केले, याचा पत्ता नाही. नवखा विद्यार्थी बंडेलूंना सहलेखक समजेल, किंवा 2009 च्या पुस्तकातील गद्य सतराव्या शतकातील मराठी म्हणून उद्धृत करील. त्याला दोष कसा द्यावा? बंडेलूंच्या बाबतीत तर नुसता ‘संपादक’ हा शब्दही आम्हांस तोकडा वाटतो. स्टीफन्स यांची मराठी ज्यांच्यासाठी होती त्यांच्यापैकी फार थोड्यांना ती रोमन अक्षरांत सुखाने वाचता येत होती. लिपी बदलली आणि हे काव्य सामान्य मराठी वाचकाच्या आवाक्यात आले. ‘लिप्यंतर व संपादन’ असे नोंदीत दिसले, तर त्या श्रमाचे स्वरूप वाचकाला कळते.

ही माहिती ठेवण्याची सोय नाही, असे कोणी म्हणू नये. संगणकीय नोंदींच्या ‘मार्क’ या पद्धतीत 245 क्रमांकाच्या रकान्यात मुखपृष्ठाच्या आतल्या शीर्षकपानावरील कर्तृत्वाचा उल्लेख जसाच्या तसा उतरविला जातो, आणि 700 क्रमांकाच्या रकान्यात येणाऱ्या इतर नावांपुढे संपादक, अनुवादक, चित्रकार अशी भूमिका शब्दाने अथवा सांकेतिक अक्षरांनी जोडता येते. 1978 च्या आंग्ल-अमेरिकन तालिकासंहितेने हे जोडणे ऐच्छिक ठेवले होते. ऐच्छिक कामाचे आपल्याकडे काय होते, हे सांगावयास नको. 2010 साली आलेल्या ‘आरडीए’ या नव्या नियमावलीने अशा संज्ञांची सविस्तर यादीच दिली. तरीही कित्येकदा शब्द नोंदीत साठविलेला असतो आणि पडद्यावर मात्र उमटत नाही. तालिकाकाराने केलेले काम पडदा गिळून टाकतो. हा दोष आम्हांस अधिक खटकतो, कारण तो दूर करण्यास नवे ज्ञान लागत नाही. दाखविण्याची इच्छा तेवढी लागते.

शीर्षकपानाचा उल्लेख नोंदीत असताना भूमिका पुन्हा कशाला, असा एक आक्षेप आहे. तो पुरता गैरलागू नाही. परंतु नावावरून शोध घेणाऱ्याला आधी भेटते ती नावांची यादी. आतली ओळ त्याने उघडली तर उघडली.

भूमिका दाखविल्याने सर्व काही साधते, असे मात्र नाही. ‘ख्रिस्तायन’ रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आरंभिले. 1919 साली त्यांचे निधन झाले, तेव्हा आरंभीचे मोजके अध्यायच लिहून झाले होते. उरलेले, म्हणजे बहुतेक सारे, लक्ष्मीबाईंनी रचले. केवळ टिळकांचे नाव देणारी नोंद लक्ष्मीबाईंवर उघड अन्याय करते. दोघांपुढे ‘लेखक’ लिहिले, तर अन्याय कमी होतो; पण सत्य तरीही पुरते सांगितले जात नाही. अशा ठिकाणी कोणते अध्याय कोणाचे, हे सांगणारी टीप नोंदीत हवीच, आणि तीही वाचकाला दिसेल अशी.

बायबलच्या बाबतीत प्रश्न वेगळ्या रीतीने येतो. तालिकेच्या नियमांनुसार ते व्यक्तीच्या नावाखाली येत नाही, ‘बायबल’ याच शीर्षाखाली येते. त्यामुळे पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले आणि त्यांच्या निधनानंतर, 1924 साली, प्रसिद्ध झालेले भाषांतर शोधणाऱ्याला त्यांच्या नावाची जोडनोंद हाच आधार. तेथे ‘अनुवादक’ हा शब्द गाळला, तर रमाबाईंच्या नावापुढे नुसते ‘बायबल’ उरते. धर्मग्रामाच्या लहानशा ग्रंथसंग्रहातही, जेथे वहीत ‘लेखक’ असा एकच रकाना आखलेला असतो, तेथे नावापुढे ‘अनु.’, ‘संपा.’ लिहिण्याइतकी जागा निघू शकेल.