‘शेतकऱ्याचा असूड’मधील जलविचार

महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची चर्चा बहुधा सामाजिक टीकेच्या अंगाने होते. त्यातील माती व पाणी यांविषयीच्या सूचनांना परिशिष्टाचे स्थान दिले जाते. ही वाटणी आम्हांस योग्य वाटत नाही. जो ग्रंथकार शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सांगतो, त्याच्या निदानाची कसोटी त्याने सुचविलेल्या उपायांतच लागते.

जोतीरावांच्या विवेचनात डोंगर, गायरान व शेत ही एकाच व्यवस्थेची अंगे आहेत. डोंगरावरील पालापाचोळा व जनावरांचे मलमूत्र पावसाबरोबर वाहून शेतास खत होत असे. जंगल खात्याने राने अडविल्यावर हा क्रम खुंटला, असे ते दाखवितात. म्हणून त्यांचे उपायही परस्परसंबद्ध आहेत. वळवाचे पाणी शेतात मुरून मगच ओढ्यास मिळावे अशा रीतीने तालींचे बंधारे घालावेत, तलाव व नाल्यांतील गाळ शेतकऱ्यास नेऊ द्यावा, गायराने गावास परत करावीत, या त्यांच्या सूचना आहेत. पाणलोटाचा विचार येथे संज्ञेवाचून, परंतु स्पष्टपणे मांडलेला आहे.

याहून लक्षणीय सूचना पाणाड्यांविषयीची होय. त्यांच्याकडून शेतांची तपासणी करवून पाण्याच्या जागा गावनकाशावर नोंदवाव्यात, असे जोतीराव सुचवितात. पाणाड्याच्या विद्येस शास्त्रीय आधार नाही, हा आक्षेप खरा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी कोठे सापडेल, हे खडकाची झीज, त्यातील भेगा आणि लाव्हाथरांचे सांधे यांवर अवलंबून असते. तथापि सूचनेचे मर्म पाणाड्याच्या हातातील काठीत नसून नकाशावरील नोंदीत आहे. नोंदलेले भाकीत विहीर खणून पडताळता येते. तोंडी राहिलेले येत नाही. गावाचे ज्ञान पडताळणीच्या कक्षेत आणण्याचा मार्ग या सूचनेने खुला होतो, एवढे श्रेय तिला द्यावेच लागेल.

मात्र या योजनेची मर्यादाही नमूद करणे अवश्य आहे. बंधारे बांधावयाचे ते लष्कर व पोलीस खात्यांतील शिपायांनी. पाणी द्यावयाचे ते सरकारने. कालव्याच्या अधिकाऱ्यांवर कठोर टीका करूनही जोतीराव उपाय सुचवितात तो प्रत्येक शेतकऱ्यास शेताच्या मानाने तोटी देण्याचा. म्हणजे शेतकरी प्रारंभी दुःखाचा साक्षी व अखेरीस पाण्याचा ग्राहक आहे. निर्णयाच्या मधल्या पायरीवर तो दिसत नाही. शिवाय पाण्याचे माप जमिनीशी बांधल्यामुळे भूमिहीनाचा वाटा कोणता, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. शूद्रातिशूद्रांचा कैवार घेणाऱ्या ग्रंथात ही उणीव विशेष जाणवते.

या प्रश्नाचे एक उत्तर 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात मिळाले. विलासराव साळुंखे हे व्यवसायाने अभियंता. परंतु नायगाव येथील प्रयोगातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीत त्यांनी प्रथम वाटपाचा नियम ठरविला. पाणी जमिनीच्या नव्हे, तर माणसांच्या संख्येवर द्यावे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास कमाल अडीच एकर. भूमिहीनासही हक्क असावा. ऊस लावू नये. आणि खर्चाचा वाटा लाभधारकांनीही उचलावा. येथे अभियंत्याचे गणित व गावाचा न्याय परस्परांस बांधले गेले. उलट, 2005 च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणीवापर संस्थांस घनमापाने पाणी देण्याचे तत्त्व स्वीकारले. जोतीरावांची तोटी अशा रीतीने व्यक्तीऐवजी संस्थेच्या हाती आली. परंतु जमीन व पाणी यांची गाठ सुटली नाही.

आज ‘लोकसहभाग’ हा शब्द प्रत्येक संशोधनप्रकल्पाच्या प्रस्तावात आढळतो. तो तपासताना ‘असूडा’चा उपयोग दुहेरी आहे. गावकऱ्याने सांगितलेली गोष्ट नोंदून पडताळली काय, हा प्रश्न तो ग्रंथ स्वतः शिकवितो. आणि वाटपाचा नियम कोणी ठरविला, हा प्रश्न त्याच्या उणिवेमुळे आपणांस सुचतो. पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्यास बगल देणारा अभ्यास शास्त्रदृष्ट्या निर्दोष असला, तरी त्यास सहकार्य म्हणता येणार नाही.