रंग कशाचा मोजला?

साबणाप्रमाणे पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे पदार्थ काही जिवाणूही बनवतात. त्यांना जैवपृष्ठसक्रियक म्हणतात. बॅसिलस सबटिलिस सर्फॅक्टिन बनवतो, तर स्यूडोमोनास एरुजिनोसा ऱ्हॅम्नोलिपिडे बनवतो. या विषयावरचे निबंध वाचताना आमची नजर एका आकड्यावर जाते : 'एका लिटरमध्ये इतके ग्रॅम'. हा आकडा कसा मिळाला, हे पाहू लागले की मात्र अनेकदा निराशा होते.

प्रथम पृष्ठताणाचा विचार करू. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. सर्फॅक्टिन तो सुमारे २७ पर्यंत उतरवते. पृष्ठताण उतरला म्हणजे असा पदार्थ आहे, एवढे कळले, पण किती? पृष्ठभाग रेणूंनी भरला की उरलेले रेणू द्रावणात एकत्र येऊन 'मायसेल' नावाचे पुंजके करतात. त्यानंतर पदार्थ दुप्पट असो की वीसपट, पृष्ठताण जवळजवळ तेथेच थांबतो. द्रावण विरल करत जाऊन तो केव्हा वाढू लागतो हे पाहिल्यास अंदाज येतो. मात्र मायसेल बनण्याची ही मर्यादा क्षार, आम्लता आणि मिश्रणातील घटक यांनुसार बदलते.

दुसरी पद्धत ऑर्सिनॉलची. ऱ्हॅम्नोलिपिडात ऱ्हॅम्नोज ही शर्करा असते. सल्फ्युरिक आम्लात ऑर्सिनॉलबरोबर ती तापवली की रंग येतो. रंगाच्या गडदपणावरून शर्करा काढायची आणि तिला एका ठरावीक संख्येने गुणून ऱ्हॅम्नोलिपिड सांगायचे! आमचा आक्षेप येथेच आहे. एक ऱ्हॅम्नोज असलेल्या नेहमीच्या रेणूचा रेणुभार सुमारे ५०४, दोन असलेल्याचा ६५०, ऱ्हॅम्नोजचा १६४. म्हणजे गुणक पहिल्यासाठी ३.१ येतो, दुसऱ्यासाठी २. जिवाणू सहसा दोन्हींचे मिश्रण बनवतो. त्यांचे परस्परप्रमाण ठाऊक नसेल, तर उत्तर दीडपटीपर्यंत चुकू शकते. शिवाय माध्यमात उरलेले ग्लुकोजही रंग देते. मग मोजले काय, ऱ्हॅम्नोलिपिड की जिवाणूंचे उरलेले अन्न?

२०१७ साली इब्राहिम बानात व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध आकडेवारीची फेरतपासणी करून अशा पद्धतींवर टीका केली. द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमिती यांच्या जोडीने प्रत्येक रेणू वेगळा ओळखून मोजता येतो. हे महाग आहे, हे आम्हांस मान्य आहे. शेकडो जिवाणूंतून होतकरू निवडायला सोप्या चाचण्या चांगल्याच. दोष चाळणीचा नाही. चाळणीकडून तराजूचे काम घेण्याचा आहे. फुगलेल्या आकड्यावर कारखान्याचा हिशेब मांडला, तर खर्च खरा आणि उत्पादन कागदावर, अशी गत होते.

वर्गात हे दाखवता येईल. स्यूडोमोनास एरुजिनोसा रोगकारक असल्याने तो शाळेत वाढवू नये, रिठा घ्यावा. रिठ्याचे गाळलेले दाट पाणी निम्मे, पाव, अष्टमांश असे विरल करत जा. प्रत्येक वेळी एकाच ड्रॉपरने सावकाश थेंब पाडून २ मिलिलिटरमध्ये किती थेंब होतात ते मोजा. पृष्ठताण कमी तितके थेंब लहान, म्हणून संख्या जास्त. आता आलेख काढा. दाट द्रावणांच्या बाजूला तो जेथे आडवा होईल, तेथे बोट ठेवून विद्यार्थ्यांना विचारा : "केवळ थेंब मोजून येथे रिठा किती आहे, ते सांगता येईल का?"