नाव ऐकून गाव पारखणारे

सोयरीक जुळवताना आपल्याकडे पत्रिकेच्याही आधी गाव विचारले जाते. मुलगा बऱ्हाणपूरचा आहे असे कळले की पुण्या-नाशिककडच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर बारीकशी आठी उमटते. बदलीचा हुकूम हाती पडलेल्या माणसाच्या घरीही तेच होते. नाव परके वाटते, ‘हे आपल्या लोकांचे गाव दिसत नाही’ असा शेरा पडतो आणि पुढची चौकशी तिथेच थांबते. याहून वाईट गोष्ट अशी की इथली मराठी मुले बाहेरगावी शिकायला गेली म्हणजे गावाचे नाव सांगत नाहीत. ‘जळगावच्या पुढे, रावेर ओलांडले की’ असे मोघम उत्तर देतात. गावाच्या नावावरून तिथे राहावे की न राहावे हे ठरवणे वेडेपणाचे वाटेल. पण ते ठरवले जाते, हे खरे आहे.

सीमाभागातील मराठी लेखनात गावांच्या नावांचा विषय बहुधा दोन वळणांनी येतो. एक वळण विनोदाचे, दुसरे व्युत्पत्तीचे. दोन्ही वाचनीय असतात, पण या प्रश्नाला दोन्ही पुरी पडत नाहीत.

आधी विनोदाचे पाहू. बऱ्हाणपूर जिल्ह्यात खकनारच्या बाजूला डोईफोडिया नावाचे गाव आहे. मराठी कानाला त्यात ‘डोई’ आणि ‘फोडणे’ ऐकू येते आणि हसू फुटते. तिथे नेमणूक झालेल्या मराठी मास्तराची नातेवाईक थट्टा करणारच. पण त्याच शाळेत रुजू झालेल्या, केवळ हिंदी जाणणाऱ्या मास्तराला त्या नावात काहीच ऐकू येत नाही. त्याच्या लेखी तो नुसता पत्ता. ‘बुरहानपुर’ या हिंदी पाटीचे नेमके उलटे आहे. हिंदी कानाला सुरुवातीलाच ‘बुरा’चा भास होतो, आपण ‘बऱ्हाणपूर’ म्हणतो तेव्हा तो भास होत नाही. म्हणजे विचित्रपणा गावात नसतो, पुरता नावातही नसतो. तो ऐकणाऱ्याच्या भाषेत असतो. विनोदी लेखकाला एकाच कानाने ऐकून भागते. आपल्या घरांत मात्र कान दोन आहेत. आपण ज्या नदीला तापी म्हणतो तिला शेजारी ताप्ती म्हणतात, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही.

दुसरे वळण व्युत्पत्तीचे. स्थलनामांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायला वि. का. राजवाड्यांनी मराठी माणसाला शिकवले. पण त्यांच्यामागून आलेल्या हौशी लेखकांनी बहुधा एकच उद्योग केला : नाव अवघड असले की त्याला शोभिवंत अर्थ चिकटवून द्यायचा. बऱ्हाणपूरला त्याची गरजच नाही. इ. स. १४०० च्या सुमारास नासीरखान फारुकीने हे नगर वसवले आणि सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. अरबीत ‘बुऱ्हान’ म्हणजे पुरावा, प्रमाण. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहामुळे हा शब्द मराठी इतिहासाच्या वाचकाला अनोळखी नाही. ‘गरीब’ या शब्दाचा मूळ अर्थ परका, परदेशी. हे संत उत्तरेतून दौलताबादेकडे आले आणि १३३७ साली वारले. त्यांची समाधी खुलदाबादला आहे.

यावर एक आख्यायिका सांगतात. संतांचे शिष्य झैनुद्दीन यांना राजाने जहागीर देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि नदीच्या एका तीरावरील गावाला गुरूचे नाव द्यावे एवढेच मागितले. पैलतीराला झैनाबाद हे त्यांचे स्वतःचे नाव मिळाले. ही कथा चिकित्सेला टिकत नाही. झैनुद्दीन १३६९ मध्येच निवर्तले होते. गाव त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी वसले. तरी ती सांगितली जाते, कारण तिच्यातला भाव लोकांना पटतो. एकनाथांनी आपल्या नाममुद्रेत गुरू जनार्दनस्वामींचे नाव गुंफले, ही गोष्ट ज्या समाजाला ठाऊक आहे त्याला शिष्याने मागून घेतलेले हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. मात्र व्युत्पत्तीने आठी गेली तरी घर वसत नाही. नाव सुंदर आहे म्हणून कुणी गावात राहायला येत नाही, आणि येऊही नये.

मग लोक कशावर राहतात? याचे उत्तर याच गावात जमिनीखाली आहे. अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारातून, केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणले गेले. वर शंभराच्या आसपास कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडे. या योजनेला कुणी कुंडी भंडारा म्हणतात, कुणी खुनी भंडारा. पाण्यातील खनिजांच्या लालसर छटेवरून ‘खुनी’ हे नाव पडले असे सांगतात. मराठी माणसाला तर ‘भंडारा’ म्हटले की जेवणावळ नाहीतर जेजुरीची हळद आठवते. तेव्हा ‘खुनी भंडारा’ ऐकून त्याने दचकावे यात नवल नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते पाणी प्यायले. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत ही योजना गेली ती ‘खुनी भंडारा’ याच नावाने. एवढे भयंकर नाव पाण्याच्या आड आले नाही.

याच जिल्ह्यातले नेपानगर पाहा. त्या नावाला पुराण नाही, संत नाही, आख्यायिका नाही. नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स या कंपनीच्या नावातून ‘नेपा’ ही अक्षरे निघाली. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी कारखान्याचे उद्‌घाटन केले आणि निरर्थक अक्षरांभोवती नगर उभे राहिले. माणसे पगारासाठी आली, लेकरे तिथेच वाढली आणि निरर्थक शब्दाला माहेरचा अर्थ आला.

नाव बदलून प्रश्न सुटतो का, असे विचारणारेही आहेत. १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर अकबराने खानदेशाचे नाव राजपुत्र दानियालवरून ‘दानदेश’ केले. दानियाल १६०५ मध्ये बऱ्हाणपुरातच वारला. आज ‘दानदेश’ कुणाच्या तोंडी नाही. खानदेश सर्वांच्या तोंडी आहे. आपल्या काळात २०२२ मध्ये होशंगाबादचे नर्मदापुरम झाले, २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. हे निर्णय योग्य की अयोग्य हा वाद इथे नको. बिऱ्हाड हलवणाऱ्याला मात्र नावापूर्वीही आणि नावानंतरही तेच प्रश्न विचारावे लागतात : नळाला पाणी किती वेळ येते, काम टिकाऊ आहे का, दवाखाना किती लांब आहे, मुलांना मराठी वाचायला-लिहायला कोण शिकवील. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कुणीच नाही’ असे आले, तर दचकायला तेवढे कारण पुरेसे आहे. नावावर दचकण्यात आपण आपला सारा संशय खर्च करतो आणि या प्रश्नासाठी काही उरत नाही.

तरीही नावाला अजिबात महत्त्व नाही असे म्हणणे खोटे ठरेल. नाव रोज उच्चारावे लागते : अर्जात, लग्नपत्रिकेत, प्रवासात. जे नाव माणूस अडखळत सांगतो त्या गावात तो अर्धाच राहतो. म्हणून बऱ्हाणपूर निवडणाऱ्याने, किंवा जन्माने ते वाट्याला आलेल्याने, ते नाव सरळ सांगण्याची तयारी ठेवावी. इथल्या जामा मशिदीत १५९० च्या सुमारास फारुकी राजाने अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरवला. दोन भाषांत आपले नाव सांगायला त्या राजाला कमीपणा वाटला नाही. आपल्या मुलांना ‘जळगावच्या पुढे’ म्हणायला शिकवणारे आपणच आहोत. ती सवय घरातूनच मोडावी लागेल. पाव्हण्यांनी विचारले तर मराठीत ‘बऱ्हाणपूर’ म्हणावे, तिकिटाच्या खिडकीवर हिंदीत ‘बुरहानपुर’ म्हणावे. आणि आठी घालणाऱ्याला एकदा गावात बोलावून मावा जिलेबी खाऊ घालावी. सोयरीक नाकारायची असेल तर त्याने गाव पाहून नाकारावी. नुसते नाव ऐकून नाकारणाऱ्याच्या घरी मुलगी द्यावी की नाही, याचा विचार मग आपण करावा.