गाडी आपली, किल्ली त्यांची

बँकेत क्रेडिट म्हणजे खात्यात आलेले पैसे. 'ग्रॅन टुरिस्मो ७' या मोटारशर्यतीच्या खेळात मात्र क्रेडिट म्हणजे खिशातून गेलेले पैसे, हे ज्ञान मला आमच्या चिरंजीवांनी दिलं. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत हा खेळ ७० डॉलरला आला आणि त्याच महिन्यात काही शर्यतींची बक्षिसं घटली. मॅकलारेन एफ-वनची किंमत तेव्हा १ कोटी ८५ लाख क्रेडिटं होती. २० लाखांचं पाकीट २० डॉलरला. मी हिशेब मांडला : १० पाकिटं, २०० डॉलर! आणि एवढं करून गाडीत बसून मंडईतही जाता येत नाही. लोक खवळले, कर्ते काझुनोरी यामाउचींनी माफी मागून १० लाख क्रेडिटं फुकट वाटली.

'आयरेसिंग'वाले त्या मानाने सरळ. वर्गणी भरा, बहुतेक गाड्या-ट्रॅक वेगळे विकत घ्या. वर्गणी थकली की विकतची गाडीही बंद. अगदी आमच्या लॉकरसारखं : दागिना आपला, पण भाडं भरेपर्यंत दर्शन नाही. तरी मला हेच बरं वाटतं. भाव निदान डॉलरमध्ये लिहिलेला असतो; क्रेडिटांच्या कोटींत डोळे दिपत नाहीत.

पण 'द क्रू'चं काय? २०१४ साली रोख मोजून घेतलेला खेळ. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले. तबकडी घरात, गाडी बेपत्ता!

मी चिरंजीवांना म्हटलं, "पैसे कसेही दे, पण वस्तू घेतोस की भाडं भरतोस, ते आधी बघ."

"तुम्हीच बघा ना, बाबा," तो म्हणाला, "खातं तुमचंच आहे."